किल्लारीनंतरची घरे : भूकंप, उन्हाळा आणि माळवद

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरची तेरणा खोऱ्यातली गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, मिरवणुकीच्या शिणाने लोक उशिरा झोपले होते. पावसाळा सरलेला नसल्यामुळे बहुतेक जण अंगणात किंवा माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, न झोपता घरात होते. सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे त्या पहाटे गेली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. सहा आणि त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के जगात दरवर्षी शंभराहून अधिक बसतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, एकोंडी या गावांत मात्र घरटी मृत्यू झाला, कारण धक्का उथळ होता, वस्तीच्या अगदी खाली होता, आणि वस्ती ज्या घरांत राहत होती ती घरे आडव्या हादऱ्याचा विचार करून बांधलेली नव्हती.

त्यात घरे बांधणाऱ्यांचा दोष काढता येत नाही. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या भारतीय मानकात हा सारा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. माणसाने घर बांधले ते त्याला ठाऊक असलेल्या संकटांसाठी. मराठवाड्यातल्या माणसाला ठाऊक असलेले संकट दरवर्षी मार्चच्या अखेरीस येते आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस पडेपर्यंत मुक्काम करते. त्याचे नाव उन्हाळा.

या प्रकरणाचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. भूकंपानंतर जी पुनर्रचना झाली ती देशातल्या मोठ्या गृहपुनर्वसनांपैकी एक होती, आणि तिने भूकंपाचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला. परंतु ज्या घराने माणसे मारली त्या घराला सरसकट गुन्हेगार ठरवताना, त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली एक गोष्टही ढिगाऱ्याबरोबर उचलून टाकली गेली. माझे म्हणणे असे आहे की ते आवश्यक नव्हते, आणि हे मत आज पश्चातबुद्धीने बनवलेले नाही, कारण दोन्ही संकटांना पुरेल अशा घराचे तंत्र त्याच वर्षी, १९९३ साली, भारतीय मानकांच्या पुस्तकांत छापले गेले होते.

माळवदाचे घर

या भागातले जुने घर खणांत मोजले जाते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दोन खणांचे घर, पाच खणांचे घर, असे घराचे आणि घरमालकाच्या ऐपतीचेही माप एका शब्दात सांगता येते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे आणि फळ्या, त्यांवर पाला किंवा काटक्यांचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर गावाच्या पांढरीतली माती. हे झाले माळवद. पांढरी म्हणजे ज्या उंचवट्यावर गाव शतकानुशतके वसत, ढासळत आणि पुन्हा वसत आला ती जागा. तिथली माती चिकण आणि पाणी सहजासहजी आत न सोडणारी असते, म्हणून ती छतावर घालायची.

भिंती खांबांच्या बाहेरून. दख्खनचा काळा दगड कोणत्याही शेताच्या बांधावर मिळतो, त्यामुळे दगडाची टंचाई नव्हती. टंचाई होती ती चुन्याची, चांगल्या गवंड्याची आणि पैशाची. पाटलाच्या वाड्याची दर्शनी भिंत घडीव दगडाची असली तरी बाकी गावाच्या भिंती अनघड दगड आणि चिखलाच्या. त्यांची जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत सहज जाई, आणि ती भिंत दिसायला एक असली तरी प्रत्यक्षात दोन असत: बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधल्या पोकळीत चिपा, मुरूम, माती. या दोन थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. वरून दाब येतो तोवर अशी भिंत शंभर वर्षे उभी राहते. आडवा हिसका बसला की आतला थर आत आणि बाहेरचा बाहेर फुगतो, मधली माती पाचरीसारखी खाली बसते आणि भिंत दोन्हीकडे फुटते.

छताची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. माळवद पावसात गळते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घरातली माणसे पांढरीची माती आणून वर नवा थर देत. जुना थर कोणी खरवडून काढत नसे, कारण तो काढला तर गळती वाढेल ही भीती. अशा रीतीने आजोबांचा थर, त्यावर बापाचा, त्यावर मुलाचा, असे करत माती दीड-दोन फुटांवर जाई, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. हिशेब मांडून पाहू. माती अर्धा मीटर जाड आणि तिचे वजन घनमीटरला १,७०० किलो धरले, तर छताच्या दर चौरस मीटरवर ८५० किलो होतात. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीवर साडेसात टनांहून अधिक. बारा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असते. म्हणजे झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर स्लॅबच्या जवळजवळ तिप्पट ओझे होते, आणि ते पावसापासून घर वाचवण्याच्या काळजीतूनच, दर मिरगाला पाट्या-पाट्यांनी तिथे चढले होते.

ढिगाऱ्यांची पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार दिसली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे भिंती चारी बाजूंना कोसळूनही लाकडाचा सांगाडा आणि त्यावरचे माळवद उभे राहिले होते. जिथे लाकूड परवडले नव्हते आणि छताच्या तुळया थेट दगडी भिंतींवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीमागोमाग छत आले. गेल्या शतकात लाकूड महाग होत गेले तसे खांबांविना घरे वाढली. गरिबाचे घर आधी पडले त्याचे कारण काही अंशी या खांबांत आहे.

तीच भिंत, उन्हाळ्यात

आता हेच घर मे महिन्यात पाहावे. या पठारावर उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, हवा कोरडी असते आणि रात्र दुपारपेक्षा बरीच थंड होते. दिवस-रात्रीतला हा मोठा फरक हेच इथल्या बांधकामाचे भांडवल आहे. दिवसाची उष्णता भिंतीत शिरते, पण आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो आणि पोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. किती वेळ आणि किती जोर, हे जाडीवर आणि पदार्थावर ठरते, आणि त्याचा ढोबळ हिशेब करता येतो.

बारा सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णतेची लाट सुमारे तीन तासांत खाली उतरते आणि तिचा निम्म्याच्या जवळपास जोर शिल्लक असतो. दुपारी दोनला तापलेला स्लॅब संध्याकाळी पाचला खोलीत आग ओकत असतो, नेमकी शेतातून माणसे परतण्याच्या वेळेला. वीस सेंटिमीटर मातीच्या थरातून तीच लाट यायला सहा-सात तास लागतात आणि तिचा पाचवा हिस्सादेखील उरत नाही. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या दगड-मातीच्या भिंतीतून यायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो आणि पोचते ती जेमतेम दोन-चार टक्के. याहून भिंत जाड केली तर आत बसणाऱ्याला फरक कळत नाही. दिवसभराचे सरासरी तापमान जे असेल तेच आत राहते, आणि तसे ते पंचेचाळीस सेंटिमीटरलाही जवळजवळ राहतेच.

हे आकडे मी मुद्दाम इतक्या सावकाश मांडतो आहे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यांत आहे. चिखल-दगडासारख्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी १९९३ साली प्रसिद्ध झालेले भारतीय मानक, क्रमांक १३८२८, सांगते की दगडी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड असू नये, दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे साधारण दर १.२ मीटरला आरपार दगड असावा, आणि भिंतींच्या माथ्यावर त्या सर्वांना एकत्र बांधणारा सलग पट्टा असावा. त्याच वर्षीचे १३९३५ हे मानक जुन्या घराच्या मजबुतीकरणाची रीत सांगते. किल्लारी परिसरातल्या माळवदांसाठी जे मार्गदर्शन तयार झाले त्यात छतावरची माती सुमारे वीस सेंटिमीटरपर्यंत उतरवणे, गळती अडवायला मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालणे, खांब आणि तुळई यांच्या कोनात लाकडी तिरपे टेके ठोकणे आणि भिंतीला जागोजाग भोके पाडून त्यांत सळई घातलेले काँक्रीटचे आरपार दुवे भरणे, असे उपाय होते. भूकंपाच्या शास्त्राने भिंतीची जास्तीत जास्त जाडी सांगितली पंचेचाळीस, आणि उन्हाळ्याला पुरेशी जाडीही तेवढीच निघते. भूकंपाच्या शास्त्राने छतावर वीस सेंटिमीटर माती राहू दिली, आणि उन्हाचा बहुतेक जोर तेवढ्यातच मरतो. दोन्ही शास्त्रे एका घरात सुखाने नांदली असती.

जुन्या घराची उणीव झाकण्याचा माझा हेतू नाही. झरोके लहान, उजेड कमी, चूल घरातच. धुराने बायकांचे डोळे आणि छाती वर्षानुवर्षे भाजत. पावसाळ्यात ओल, भिंतींच्या सांदींत विंचू. जाड भिंत रात्रीही उष्णता सोडत राहते, म्हणून उन्हाळ्यात माणसे रात्री आत झोपत नसत. दिवस घरात आणि रात्र माळवदावर किंवा अंगणात, अशी त्या घराबरोबर जगण्याची एक रीत होती. घर बदलायला हवे होतेच. प्रश्न इतकाच होता की त्यातले काय बदलायचे.

पुनर्वसनाचे घर

जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्र शासनाने जो आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला त्यात ५२ गावे नव्या जागी हलवली गेली आणि तिथे सुमारे २८,००० घरे बांधली गेली. काही गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली, बाकीची शासनाने ठेकेदारांकरवी उभी केली. घराचे क्षेत्र जमिनीच्या मालकीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०.

पदार्थाबद्दल फारसा वाद झाला नाही. ज्यांनी दगडाखालून आपली माणसे काढली त्यांना दगडाची भिंत पुन्हा नको होती, आणि ते समजण्यासारखे आहे. पुढे कित्येक महिने लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. जुन्या घरांचे दगड आणि सागवान मिळेल त्या भावाला विकले गेले. भीतीच्या त्या दिवसांत सिमेंट म्हणजे सुरक्षितता हे समीकरण लोकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि देणगीदारांच्या मनात एकदमच पक्के झाले. दगड निरपराध आहे, चूक जोडणीत आणि वजनात आहे, हे समजावून सांगायला वेळ लागतो, आणि उघड्यावर बसलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नव्हता. माझी तक्रार त्या लोकांबद्दल अजिबात नाही. ती आम्हा आराखडे काढणाऱ्यांच्या व्यवसायाबद्दल आहे, कारण भीतीचा मान राखून पर्याय डोळ्यांसमोर उभा करून दाखवणे हे आमचे काम होते, आणि एकेका गावात एकेक नमुन्याचे घर बांधून ते करता आले असते.

पुनर्वसित गावांपैकी एका गावातल्या २५० चौरस फुटांच्या घराचे मी एका मे महिन्यात मोजमाप घेतले. गावाचे आणि कुटुंबाचे नाव इथे देण्याचे कारण नाही. तसे घर कोणत्याही गल्लीत सापडेल. दोन लहान खोल्या, पोकळ काँक्रीट ठोकळ्यांच्या आठ इंची भिंती, वर स्लॅब. बांधकाम प्रामाणिक होते. कोपऱ्यांत उभ्या सळया, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा, सगळे जिथल्या तिथे. दुपारी चारच्या सुमारास स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावला तो लगेच मागे घ्यावा लागला. पश्चिमेच्या भिंतीवर सावली देणारे काही नव्हते. खिडकीवरचा छज्जा नऊ इंचांचा, म्हणजे उतरत्या उन्हापुढे नसल्यासारखा. गच्चीवर जायला जिना नव्हता, त्यामुळे रात्री वर झोपण्याची जुनी सोय संपली होती. ओसरी नव्हती. ज्वारी, तुरी, अवजारे, पेंड ठेवायला जागा नव्हती, म्हणून मागची खोली कोठार झाली होती आणि आंघोळीच्या जागेत सरपण होते. घरातली माणसे दिवसाचा सगळा वेळ घरासमोर त्यांनीच उभारलेल्या मांडवात काढत होती. त्या मांडवाकडे मी शेवटी परत येणार आहे.

अशी घरे नंतरच्या सर्व वर्षांत पडली नाहीत, हे त्यांचे मोठे यश आहे आणि ते मोठ्याने सांगितले पाहिजे. परंतु ज्या घरात वर्षातले तीन महिने दुपारी बसता येत नाही, त्या घराचा वापर गोदामासारखा होत जातो, आणि माणसे पुन्हा त्यांच्या हाताला येईल त्या सामानाने, कोणत्याही मानकाशिवाय, स्वतःसाठी दुसरे घर बांधू लागतात. नव्या स्लॅबच्या घराला चिकटवून बांधलेली पत्र्याची, चिखल-विटांची, काही ठिकाणी पुन्हा कोरड्या दगडांची भर मी पाहिली आहे. उकाड्याचा विचार न केल्यामुळे भूकंपाचा धोकाही असा मागच्या दाराने परत येतो.

गल्लीचा रस्ता झाला

जुने गावठाण दाट होते. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे उंच आंधळ्या भिंती. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर एका बाजूची सावली अख्खी गल्ली व्यापायची. प्रत्येक मोठ्या घराला ढेलज, म्हणजे प्रवेशाची देवडी, तिच्यातून आत चौक, चौकाभोवती ओसरी. पार, चावडी, मारुतीचे देऊळ, आड, सगळे चालण्याच्या अंतरावर आणि बहुतेक सावलीत. भूकंपात याच अरुंद गल्ल्यांत दोन्हीकडच्या भिंती कोसळल्या आणि पळणारी माणसे अडकली, बचाव पथकांना आत शिरता आले नाही. त्यामुळे नव्या गावांत रस्ते रुंद ठेवण्याचा निर्णय झाला, तो योग्य होता.

मात्र रुंद रस्ता आणि एकमेकांपासून सुटी घरे यांची सरळ रेघांची चौकट माळरानावर टाकली की सावली नावाची गोष्ट आराखड्यातून पूर्णपणे नाहीशी होते. गाव जुन्याच्या कित्येक पट पसरले. पाण्याची नळवाट, गटारे, रस्त्यांचे दिवे हे सगळे त्याच पटीने लांबले आणि ग्रामपंचायतीला झेपेनासे झाले. आड आणि जुनी झाडे मागे राहिली. सुट्या घराच्या चारी भिंती उन्हात येतात. एकमेकांना चिकटलेल्या घरांत दोन भिंती शेजाऱ्याच्या सावलीत असतात. रस्ता रुंद ठेवूनही घरे जोडीने किंवा चौकाभोवती बांधता आली असती, म्हणजे पळायला मोकळी जागाही मिळाली असती आणि सावलीही.

जुन्या गावठाणाबद्दल हळवे होणेही बरे नाही. त्याच्या रचनेत जात कोरलेली होती. कोणाची वस्ती वेशीच्या आत आणि कोणाची बाहेर हे जन्माने ठरत होते. नव्या आराखड्याला ते मोडण्याची संधी होती. पण घराचा आकार जमिनीवरून ठरला आणि अनेक ठिकाणी एकाच आकाराची घरे एका भागात आली, त्यामुळे जमीनदार एकीकडे आणि भूमिहीन दुसरीकडे ही विभागणी नव्या रस्त्यांवर पुन्हा उमटली.

जागेची निवड हा आणखी एक मुद्दा आहे, तो थोडक्यात सांगतो. जुनी गावे पांढरीवर होती. नव्या गावांपैकी काही शेतजमिनीवर आली, आणि इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर फरशी आणि भिंत तडकते. पाया मुरुमापर्यंत नेणे किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखे फुगीर खांब घेणे, हे दोन उपाय माहीत होते. भिंतीला तडा दिसला की भूकंप अनुभवलेल्या माणसाची झोप उडते, मग तो तडा मातीमुळे पडलेला का असेना.

शेजारचे प्रयोग

याच कार्यक्रमाच्या पोटात वेगळ्या वाटा होत्या. गुबाळ गावात एका संस्थेने घुमटाकार घरे बांधली. घुमट हा भूकंपाला उत्तम आकार आहे. वजन सगळीकडे सारखे पसरते आणि कोपरा नसल्याने फुटण्याची जागा कमी. पण त्यात कपाट भिंतीला लागत नाही, फळी ठोकता येत नाही, पुढे खोली काढायची तर जोडायची कुठे हा प्रश्न पडतो. लोकांनी घुमटाशेजारी सरळ भिंतींच्या खोल्या काढल्या. भूमितीने एक प्रश्न अचूक सोडवला आणि संसाराचे दहा प्रश्न तसेच ठेवले.

माळकोंडजी गावात अहमदाबादच्या एका संस्थेने लोकांबरोबर बसून आराखडा केला. घरे सरळ रांगांत न मांडता लहान-लहान पुंजक्यांत, सामाईक अंगणांभोवती आली. गाव मनाने तिथे रुजले. मला वाटते, अंगण हा इथे कळीचा शब्द आहे. अंगण असेल तर झाड लावले जाते, लावलेल्या झाडाला धुण्याभांड्याचे पाणी जाते, आणि दहा वर्षांत पश्चिमेच्या भिंतीवर लिंबाची सावली येते. रस्त्याच्या कडेला सरकारी खात्याने लावलेले रोप शेळ्या खातात, कारण ते कोणाचेच नसते.

तिसरी वाट सर्वांत मोठी होती आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. ज्या गावांचे नुकसान तुलनेने कमी होते तिथे घरमालकांनी जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते; अशी घरे दोन लाखांच्या आसपास होती. गावोगाव महिलांच्या गटांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचे हप्ते, सिमेंटचे वाटप, पट्टा कुठे घालायचा आणि सळई कशी बांधायची हे त्या बायकांनी शिकून घेऊन इतरांना शिकवले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम उभे केले. तांत्रिक ज्ञान उंबऱ्याच्या आत नेण्याचा इतका व्यापक प्रयत्न त्याआधी मराठवाड्यात झाला नव्हता.

तरीही जुने माळवद हलके करून, भिंतींना दुवे घालून तेच घर राखणाऱ्यांची संख्या कमी राहिली. बहुतेकांनी अनुदानातून जुन्या घराशेजारी एक नवी पक्की खोली बांधली. भीती हे कारण होतेच. दुसरे कारण असे की मजबुतीकरण डोळ्यांना दिसत नाही. भिंतीच्या पोटातला दुवा कोणाला दाखवता येत नाही, नवी खोली दाखवता येते. आणि अभियंत्यालाही नव्या खोलीचे मोजमाप पुस्तकात उतरवणे सोपे जाते. गवंडीही स्लॅब टाकायला शिकला होता, आरपार दगड घडवायला विसरत चालला होता. घर टिकवायचे तर ते टिकवणारा कारागीर आधी टिकवावा लागतो, आणि त्यासाठी कार्यक्रमात फारशी तरतूद नव्हती.

आज काय करता येईल

हा प्रश्न जुना झालेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट; किल्लारीनंतरच्या सर्वांत लहान घराच्या जवळपास. मराठवाड्यात ते बहुधा पातळ भिंतींचे आणि उघड्या स्लॅबचे बांधले जाते. गावोगावी जुनी माळवदे अजून पाडली जात आहेत, आणि दर उन्हाळा आधीच्यापेक्षा कडक वाटतो आहे.

स्लॅबच्या घरालाही थंड करता येते आणि त्याला फार पैसा लागत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुन्याचा जाड पांढरा हात देणे. काळवंडलेला स्लॅब उन्हाचा मोठा भाग पितो, पांढरा तो परत फेकतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे स्लॅबवर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार देणे, जो आपल्या जुन्या गवंड्यांना चांगला येत असे. पश्चिमेच्या भिंतीपासून दोन हातांवर तुराट्यांचा कूड किंवा वेल चढवलेला मांडव उभा केला तर भिंत तापतच नाही. घरकुलाच्या नकाशात गच्चीचा जिना आणि आठ फुटी ओसरी आधीपासून असावी, आणि ओसरीचे खांब पायाशी व माथ्याशी पट्ट्याने बांधलेले असावेत, म्हणजे लोकांना नंतर तीच ओसरी मोडक्या सामानातून काढावी लागणार नाही. आणि जिथे चांगला गवंडी अजून हयात आहे तिथे निदान तालुक्याला एक तरी घर ४५ सेंटिमीटरच्या पट्टेबंद दगडी भिंतींचे आणि वीस सेंटिमीटरच्या हलक्या माळवदाचे बांधून ठेवावे, जिथे मे महिन्याच्या दुपारी कोणीही आत जाऊन बसू शकेल.

आता त्या मांडवाबद्दल. मी मोजलेल्या त्या घरासमोर कुटुंबाने दहा फूट रुंदीचा मांडव उभारला होता. वर पत्रा, पत्र्यावर उन्हासाठी तुराट्यांचा जाड थर, दोन बाजूंना शेणामातीने लिंपलेला कूड, जमीन रोजची सारवलेली. म्हातारी तिथेच खाटेवर बसून तुरी निवडत होती, पाळणा तिथेच टांगला होता आणि पाण्याचा रांजणही तिथेच होता. मांडवाला चार खांब होते, घडीव सागवानाचे, तळाशी चौकोनी आणि वर अष्टकोनी, माथ्यावर तुळई बसवण्याची खाच जशीच्या तशी. पत्र्याच्या मांडवाला असले खांब कोणी लावत नाही. विचारल्यावर कळले की ते जुन्या गावातल्या घराचे आहेत. त्या पहाटे भिंती चारी बाजूंना गेल्या आणि हे खांब उभे राहिले. बाकीचे लाकूड विकले, हे चार म्हातारीने विकू दिले नाहीत.